बंद करून चालू करा!

आपल्याकडे काही सल्ले असे आहेत की ते द्यायला ना वय लागतं ना पदवी. पोट दुखतंय? ओवा चावा. पोरगा ऐकत नाही? लग्न लावून द्या. स्कूटर सुरू होत नाही? आडवी करा आणि मारा किक. आणि कॉम्प्युटर अडला? बंद करून चालू करा! यातल्या ओव्यामागे आजीबाईच्या बटव्याची पुण्याई आहे. स्कूटर आडवी करण्यामागेही पेट्रोल कार्ब्युरेटरकडे सरकावं असा काहीतरी विचार होता. लग्नाने पोरगा सुधारत नसला तरी तक्रारीचं खातं आईकडून सुनेच्या नावे वर्ग होतं. चौथ्या सल्ल्यामागे मात्र काहीही नाही. तो देणाऱ्याला मशीनला काय झालंय हे ठाऊक नसतं, आणि खरी गंमत म्हणजे ते त्याला ठाऊक करूनही घ्यायचं नसतं. माझं वैर आहे ते या चौथ्या सल्ल्याशी.

हे वैर मी नोकरीत कमावलं. भोसरी, चिंचवड, आकुर्डी आणि पुढे चाकण-महाळुंगे या पट्ट्यातल्या कारखान्यांतून, युनिक्सवर चालणारे प्रोग्राम मध्येच का मरतात हे शोधण्यात माझी तीसेक वर्षं गेली. माझ्या लग्नाच्या बैठकीत 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला आमचे मामा फार घुटमळले होते. 'मेलेल्या प्रोग्रामांचं पोस्टमॉर्टेम करतो' असं खरं सांगितलं असतं तर सौ.चे वडील कांदेपोहे अर्धे टाकून उठले असते. मामांनी 'कंपनीत मशीनवर असतो' असं सांगून वेळ मारून नेली.

तर प्रोग्राम मरतो म्हणजे काय होतं? कारखान्यात टूल रूमच्या खिडकीशी कामगार आपला पितळी बिल्ला देतो आणि मायक्रोमीटर घेऊन जातो. काम झालं की मायक्रोमीटर परत, बिल्ला परत. प्रोग्रामला काम करायला मेमरी लागते, ती अशीच मागून घ्यायची आणि काम संपलं की परत करायची. सी भाषेत घ्यायच्या खिडकीला 'मॅलॉक' म्हणतात आणि परत करायच्या खिडकीला 'फ्री'. सगळी गोम या दुसऱ्या खिडकीत आहे. न्यायला सगळे येतात. परत आणून देण्याबद्दल मी काही बोलत नाही, ज्यांनी शेजाऱ्याला पुस्तकं दिली आहेत ते जाणतात. घेतलेली मेमरी परत न करणं ही झाली गळती.

दुसरा प्रकार याच्या उलटा. एका गृहस्थांनी रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सोडलं, किल्ली दिली, आणि आठ दिवसांनी सवयीने त्याच दारातून आत शिरून खुंटीला सदरा अडकवला. आत आता दुसरं बिऱ्हाड! रामायण त्या बिऱ्हाडात घडतं, शेजारीपाजारी त्या बिऱ्हाडाकडेच संशयाने बघतात, आणि आपले गृहस्थ बनियनवर बागेत फिरत असतात. परत केलेली मेमरी पुन्हा वापरली की हेच होतं. तिसरा प्रकार म्हणजे जी जागा आपली नव्हतीच तिथे पाय ठेवणं. तिथे मात्र युनिक्सचा वॉचमन उभा असतो. तो नावगाव विचारत बसत नाही. अकरा नंबरचा सिग्नल देतो आणि प्रोग्राम जागच्या जागी आडवा होतो. पडद्यावर एक ओळ उरते: 'सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड'.

ही ओळ दिसली की लोकांचा हात बटणाकडे जातो. माझा हात त्या लोकांच्या हाताकडे जातो, तो धरायला. कारण त्या ओळीतला उत्तरार्ध सोन्याचा आहे. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून जन्माला आली, तेव्हा कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे तारांत ओवलेली फेराइटची इवलीशी काळी कडी असत, थेट मंगळसूत्राच्या मण्यांसारखी. त्या कड्यांना कोअर म्हणत. कडी गेली, चिप आली, नाव तेवढं राहिलं. जकात गेली तरी आपण पत्ता सांगताना 'जकात नाक्यापाशी' म्हणतोच की! प्रोग्राम मेला की युनिक्स त्याची त्या क्षणाची सगळी मेमरी एका फाइलीत उतरवून ठेवते, तो हा कोअर. कोण कुठे उभं होतं, कुणाच्या हातात काय होतं, कुणी कुणाला बोलावलं होतं. चक्क पंचनामा! पंच बोलवावे लागत नाहीत, चहा पाजावा लागत नाही.

आणि आपण त्याचं काय करतो? तो होऊच नये अशी तजवीज करतो. 'युलिमिट' नावाची एक आज्ञा आहे. तिच्यात कोअर फाइल जास्तीत जास्त केवढी असावी ते सांगता येतं, आणि कित्येक मशीनवर हा आकडा शून्य ठेवलेला असतो. म्हणजे पंचनामा जरूर करा, पण शून्य पानांत करा! पूर्वी तर 'कोअर' नावाच्या फाइली हुडकून रोज रात्री पुसून टाकणारा प्रोग्राम लावून ठेवणं हे दक्ष व्यवस्थापकाचं लक्षण समजत. डिस्क महाग होती, जागा कमी होती, मान्य. पण जागा नाही म्हणून पोलिसांनी पंचनामे बंबात घातले तर त्यांना दक्ष म्हणाल का?

हे दुसऱ्या कुठल्या गावात चाललं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. चिंचवडपासून चाकणपर्यंत कुठल्याही बऱ्या कारखान्यात शिरा. एका बोल्टाचा आटा खराब निघाला तर सात माणसं फळ्याभोवती जमतात आणि 'व्हाय-व्हाय' करतात. का झालं? मग ते का? मग ते तरी का? पाचदा विचारल्याशिवाय चहा येत नाही. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी आपल्या पुस्तकात याचा एक दाखला दिला आहे, तो या पट्ट्यात लहान मुलांनाही पाठ असेल. मशीन थांबलं. का? भार जास्त झाला, फ्यूज उडाला. का? बेअरिंगला तेल पुरलं नाही. का? पंप पुरेसं तेल ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, लोखंडाचा कीस आत गेला. गाळणी बसवली, प्रश्न मिटला. पहिल्या 'का'पाशी थांबला असतात तर फ्यूज बदलला असता, आणि महिन्याभराने पुन्हा बदलला असता.

बंद करून चालू करणं म्हणजे फ्यूज बदलणं. बोल्टाला पाचदा 'का' विचारणारा माणूस कॉम्प्युटरपुढे आला की त्याला एकदाही विचारावंसं वाटत नाही. का?

आता मी जी हकिगत सांगणार आहे ती नव्वदीच्या दशकातली, भोसरीतल्या एका कारखान्यातली. नाव सांगत नाही. डिस्पॅच विभागात एक युनिक्सचं मशीन होतं. वजनकाट्यावर खोकं चढलं की काट्याचा आकडा मशीनमध्ये यायचा, स्टिकर छापून निघायचा, तो खोक्यावर चिकटला की खोकं ट्रकात. दिवसाला दोनेक हजार खोकी. दोन वर्षं मशीन गुणी सुनेसारखं वागलं. मग कारखान्याने जनरेटर घेतला, आणि महिन्याभरात मशीन अंगात आल्यासारखं करू लागलं. चांगलं चाललेलं असताना पडद्यावर 'मेमरी फॉल्ट, कोअर डम्प्ड' (त्या युनिक्सची बोली जरा निराळी होती), स्टिकर बंद, खोक्यांची रांग, गेटवर ट्रकवाल्याचा हॉर्न. ऑपरेटरने मेन स्विच खाली-वर करायचा, वीस मिनिटं मशीनने स्वतःच्या डिस्कची तपासणी करत बसायचं, की पुन्हा सगळं आलबेल.

प्रोग्राम मरायचा तो बरोबर स्टिकर छापताना. म्हणून आधी प्रिंटर बदलला. नवा कोरा. नऊ दिवसांनी तोही फुकट गेला. मग जनरेटरवर संशय आला; व्होल्टेज वर-खाली होत असेल म्हणून स्टॅबिलायझर आला. मग मशीनपुढे नारळ फुटला. (प्रसाद मलाही मिळाला. खोबरं चांगलं होतं.) सगळे उपाय थकल्यावर कारखान्यात जो शेवटचा उपाय करतात तो झाला: तीनपैकी दोन वेळा मशीन रात्रपाळीत मेलं होतं म्हणून रात्रपाळीच्या ऑपरेटरला मेमो मिळाला. लातूरकडचा पोरगा, कंत्राटी. माझ्यापुढे येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, मी कायबी दाबलो नाही. सांगितल्यात तेवढंच बटन दाबतो मी."

मी त्याला म्हटलं, "बाबा, आता मशीन मेलं की स्विचला हात लावायचा नाही. आधी मला बोलवायचं." सुपरवायझर म्हणाले, "साहेब, तोवर गाडी थांबेल." म्हटलं, "गाडी दर नऊ दिवसांनी थांबतेच आहे, एकदा कारणासाठी थांबू दे."

शिवाय एक वही केली. दर दोन तासांनी प्रोग्रामने किती मेमरी घेतली आहे ते 'पीएस' नावाच्या आज्ञेने बघायचं आणि लिहायचं. तो पोरगाच लिहायचा, अक्षर सुरेख होतं. आकडा टायफॉइडच्या तापासारखा चढत होता. उतरायचं नाव नाही. दिवसाला सुमारे दोन मेगाबाइट. दिवसाला खोकी दोन हजार, म्हणजे खोक्यामागे एक किलोबाइट कुणीतरी घेत होतं आणि परत करत नव्हतं. त्या मशीनमध्ये मेमरी होती १६ मेगाबाइट, डिस्कवरची उसनी जागा धरून आणि मशीनचा स्वतःचा संसार वजा जाता प्रोग्रामच्या वाट्याला अठराएक. दोन्ने अठरा म्हणजे नऊ. नवव्या दिवशी मृत्यू अटळ!

मग आधीची दोन वर्षं हा प्रोग्राम जगला कसा? तर गुरुवारमुळे. आपल्या या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बुधवारी रात्री मशीन बंद, शुक्रवारी सकाळी चालू. सहा दिवसांत बारा मेगाबाइट गळायचे आणि गुरुवारी सगळं माफ व्हायचं. दत्ताचा वार पावत होता म्हणा ना! जनरेटर आला, गुरुवारीही काम सुरू झालं आणि गळती उघडी पडली. रोग दोन वर्षं मुरत होता आणि दर आठवड्याचं हे 'बंद करून चालू' त्याच्यावर पांघरूण घालत होतं. माझ्या वैराचं मूळ इथे आहे. या सल्ल्याने रोग बरा होत नाही हे ठीकच, पण रोग आहे हेही कळू देत नाही.

नवव्या दिवशी मला निरोप आला. यावेळी कोअर शाबूत होता. त्यातला मजकूर वेचून काढला तर काय निघावं? वजनं! ११.४ किलो, ११.५ किलो, ११.४ किलो... नऊ दिवसांत काट्यावर चढलेल्या प्रत्येक खोक्याचं वजन. अठरा हजार खोकी ट्रकात बसून केव्हाच गेली होती, पण प्रोग्रामने त्यांची आठवण काही सोडली नव्हती. काट्याचा आकडा वाचणारा तुकडा दर वेळी थोडी मेमरी घ्यायचा आणि परत करायचा विसरायचा. टूल रूम रिकामी झाली की पुढचा जो कुणी खिडकीशी येईल त्याला 'नाही' असं उत्तर मिळायचं. हा पुढचा म्हणजे नेमका स्टिकर छापणारा तुकडा. त्याने ते उत्तर ऐकलंच नाही. हातात काही नसताना शून्य नंबरच्या जागी लिहायला गेला आणि वॉचमनने त्याला आडवा केला. चोर काट्यापाशी, फाशी प्रिंटरला!

चाकणच्या संग्रामदुर्गाची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. १६६० साली शाइस्तेखानाने वेढा घातला, फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजवला, आणि शेवटी बुरूज उडाला तो खालून भुयार खणून पेरलेल्या सुरुंगाने. अशा वेळी त्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याला मेमो देऊन काय होणार? पण इथे दिला होता.

दुरुस्ती एका ओळीची. 'फ्री' असा शब्द, एक कंस, एक अर्धविराम. त्या दिवसापासून वहीतला आकडा हलला नाही. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो, म्हटलं, आता त्या पोराचा मेमो मागे घ्या. ते म्हणाले, "मलाही वाटतं हो. पण तो फाइलला लागलाय. लागलेला कागद काढायची आपल्याकडे पद्धत नाही." म्हणजे मेमरी परत करायची सोय झाली, मेमो परत घ्यायची नाही. दोन महिन्यांनी त्याचं कंत्राट संपलं ते नवं झालं नाही. प्रिंटर आणि स्टॅबिलायझर मात्र कायम झाले.

म्हणून हे भांडण मला तांत्रिक वाटत नाही. कारण शोधायचं नाही असं ठरवलं की कारखान्यात माणूस शोधतात, आणि तो नेहमी हजेरीपटावर सगळ्यात खाली सापडतो.

आता समोरच्या पक्षाचंही ऐकतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी बोलतो. लाइन थांबलेली आहे, चाकणच्या गाड्यांच्या कारखान्याला ठरल्या घटकेला माल पोचायचा आहे, अशा वेळी तत्त्वज्ञान सांगणाऱ्याला पाना फेकून मारतात आणि ते योग्यच आहे. करा ना चालू! मी कुठे नको म्हणतो? पण कोअर आधी बाजूला ठेवा. अपाचीसारख्या नामांकित वेब सर्व्हरमध्येही ठरावीक विनंत्या झाल्या की कामाची प्रोसेस निवृत्त करून नवी आणायची सोय आहे, गळती झालीच तर हाताबाहेर जाऊ नये म्हणून. पण ती सोय कशासाठी आहे हे तिथे स्वच्छ लिहून ठेवलंय. आपल्याकडे 'रोज पहाटे तीनला रीस्टार्ट करावे' असा कागद मशीनवर डकवलेला असतो आणि तो कुणी डकवला, कधी, कशासाठी, हे विचारलं तर सगळे घड्याळाकडे बघतात.

या कागदावर 'किती वेळाने' हे लिहायचं राहिलं तर काय होतं, याचा एक दाखला आहे. तो हसत सांगण्यासारखा नाही. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्रांचा एक तोफखाना होता. त्याच्या प्रोग्रामातलं घड्याळ, मशीन सलग चालू राहिलं की, किंचित किंचित चुकत जाई. दोष मेमरी गळण्याचा नव्हता, अपूर्णांक छाटून ठेवण्याचा होता. पण सुचवलेलं औषध हेच, बंद करून चालू करा. फार वेळ सलग चालवू नका असा निरोप तोफखान्यांना गेला. फार वेळ म्हणजे किती तास, ते कुणी लिहिलं नाही. २५ फेब्रुवारीला मशीन शंभराहून अधिक तास सलग चालू होतं. समोरून आलेलं स्कड क्षेपणास्त्र त्याला चुकीच्या जागी 'दिसलंच नाही'. अठ्ठावीस सैनिक गेले. दुरुस्त केलेला प्रोग्राम दुसऱ्या दिवशी पोचला.

आणि बंद करून चालू करण्याचा विक्रम पाहायचा तर मंगळावर जा. २००४ च्या जानेवारीत 'नासा'ची स्पिरिट गाडी तिथे उतरली आणि तीन आठवड्यांच्या आत आजारी पडली. फ्लॅश मेमरीत फाइली इतक्या साठल्या की त्यांची नोंद ठेवता ठेवता कामाची मेमरी संपली. गाडी बापडी शहाण्यासारखी आपोआप बंद होऊन चालू व्हायची, पुन्हा त्याच फाइली वाचायला जायची, पुन्हा पडायची. साठाहून अधिक वेळा! आपल्याकडचे सगळे सल्लागार तिने एकटीने खोटे पाडले. इकडे पृथ्वीवर बसलेल्या माणसांना स्विचला हात लावायची सोय नव्हती, म्हणून त्यांना विचार करावा लागला. फ्लॅश मेमरीला हातच न लावता उठ असं गाडीला सांगितलं, कारण हुडकलं, नको त्या फाइली पुसल्या. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी पुढे सहा वर्षं बोलत राहिली. मला कधी कधी वाटतं, भोसरीतलं ते मशीन मंगळावर ठेवलं असतं तर पोराची नोकरी वाचली असती.

आता साधनं तर अशी आली आहेत की माझ्या काळी मिळती तर मी निम्म्या वेळात घरी आलो असतो. (सौ.च्या मते ते फार चांगलं झालं नसतं.) २००२ पासून व्हालग्राइंड आहे, २०१२ पासून ॲड्रेस सॅनिटायझर आहे, गळती कुठल्या ओळीत, परत केलेल्या जागेवर पाय कुणी ठेवला, सगळं नाव-गाव घेऊन सांगतात. दोन्ही फुकट. तरी सल्ला तोच.

परवा भाचा आला होता. चाकणला एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आहे. मला म्हणाला, "मामा, तुमचं ते भांडण आता संपलं. आता बंद करून चालू करायला माणूसच लागत नाही. प्रोग्राम मेला की आपोआप दुसरा उठतो."

"कितीदा उठलाय?"

त्याने लॅपटॉप उघडला. "चारशे बारा."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस."

"अरे, म्हणजे जवळजवळ तासाला एक मयत!"

"पण कुणाला कळतंय का मामा? तीच तर गंमत आहे."

"मरताना काय म्हणतो?"

"एकशे सदतीस."

"एकशे अठ्ठावीस अधिक नऊ. नऊ नंबरचा सिग्नल. यात पंचनामाही होत नाही. मेमरी किती दिली आहेस?"

"पाचशे बारा एमबी. वाढवून बघू का?"

"प्रिंटर बदलून बघ त्यापेक्षा," मी म्हटलं. त्याला कळलं नाही. मी सौ.ला एक वही मागितली. घरात कोरी वही नव्हती, तिने दुधाच्या हिशेबाची दिली. बुधवारच्या 'दीड लिटर'खाली भाच्याने लिहिलं: रात्री नऊ, ३१२ एमबी. नऊ दहा, ३५५. नऊ वीस, ४०१.

"पानं वाढलीत," सौ. म्हणाली. "निवतंय सगळं."

"मामी, पाचच मिनिटं," तो वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, "वाढतोय!"